पोकळ झाडांचा गार्ड

काशिराम भोये झाडाला हॅमर मारण्याआधी त्याच्याशी बसायचे.

हॅमर म्हणजे जंगलखात्याचा हातोडा. त्याच्या तोंडावर खात्याची खूण कोरलेली असते. कुऱ्हाडीनं बुंध्याची थोडी साल काढायची, तिथं हातोडा मारायचा, खूण उमटली की ते झाड तोडायला मोकळं. बाकीचे गार्ड चालता चालता ठोकत जात, पोस्टात पाकिटांवर शिक्के मारतात तसे. भोये आधी बुंध्यावर बोटांनी टकटक करायचे, कान लावायचे, मग तंबाखू मळून झाडाला पाठ टेकून खाली बसायचे आणि वर बघत राहायचे. तोंडातली तंबाखू संपेपर्यंत. दुसरे दिवसाला शंभर झाडं उरकत, तिथं यांची तीस व्हायची.

"काय रे भोये, झाडाची कुंडली मांडतोस का?" साहेब खेकसायचे.

"नाय साहेब. शेजार बघतो."

शेजार म्हणजे कोणाचा उजेड कोण अडवतंय, खाली कोणाचं रोप गुदमरतंय, फांदीवर कोणाचं येणंजाणं आहे. एवढं बघून झालं की उठायचे आणि एक तर हॅमर मारायचे, नाही तर झाडाला हात लावून पुढे जायचे. एका उन्हाळ्यात वैतागून मी त्यांना विचारलं होतं, इतका वेळ कशाला लागतो? ते म्हणाले, "माणसासाठी तोडायचा त हिशोब सोपा हाय, बाई. बाकीच्यांसाठी तोडायचा त बसाया लागतं."

मला ते तेव्हा कामचुकारपणाचं लक्षण वाटलं. मला तेव्हा बरंच काय काय वाटायचं.

मी चोवीस वर्षांची होते आणि जंगलखात्याच्या एका ऑफिसात कारकून. ऑफिस नाशकात, जंगल पेठच्या पुढं, गुजरातच्या हद्दीकडे. सातपूरला कारखान्यात तीन पाळ्यांत राबणाऱ्या बापाची मी मुलगी, आमच्या कॉलनीतली पहिली सरकारी नोकरदार बाई, आणि हे दोन्ही मी कपाळावर लिहून फिरायचे. आज ती पोरगी मला सिटीबसमध्ये भेटली तर मी तिला सरकून जागा देणार नाही. उभीच राहू दे, म्हणेन, तुझी मान फार ताठ आहे.

आणि एक कबूल करून टाकते. आता मी 'भोये आले', 'भोये म्हणाले' असं लिहिते आहे, पण तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. साहेब करत होते म्हणून मीही करायचे. ज्या घरात बापाला फोरमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांचं अरे-तुरे ऐकावं लागलं, त्या घरातली मुलगी खुर्चीवर बसली आणि पहिल्याच महिन्यात तेच शिकली. मला कोणी शिकवायलाही लागलं नाही.

पहिल्यांदा जंगलात गेले ती रजिस्टरमधली झाडं प्रत्यक्ष झाडांशी ताडून बघायला. विरळणीचं काम होतं. दाट झालेल्या जंगलातली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करून द्यायची, त्याला विरळणी म्हणतात, आणि तोडीसाठी आखलेल्या तुकड्याला कूप. मी नायलॉनची साडी, पर्स आणि उंच टाचेचे सँडल घालून गेले होते, जसं काही जंगलच मला बघायला येणार होतं. पाचव्या मिनिटाला टाच उंदराच्या बिळात अडकली. भोयेंनी वाकून सँडल उपटलं, झटकलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्यावर चाललात त रोज दोन-चार बिळं तयार होतील. उंदरांना बरं."

मजूर बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला. रागावलेल्या कारकुनाला नियम आठवतात. मला शाळेतला निबंध आठवला. झाडांवर लिहिलेल्या निबंधाला मला स्टीलचा डबा मिळाला होता.

"तू जंगलाचा राखणदार ना रे? मग रोज झाडं तोडायला लावतोस, तुला काहीच वाटत नाही?"

 ते मला शेजारच्या सागाच्या राईत घेऊन गेले. कुणा जुन्या साहेबानं ओळीत लावलेला साग, खेटून खेटून वाढलेला. आत अंधार, खाली नुसता करकरीत पाचोळा. गवताचं पातं नाही, झुडूप नाही, आवाज नाही.

"बघा. लय झाडं हायत ना? आता मला सांगा, हितं ससा आला त काय खाईल? तुमची पर्स?"

मग ओढा ओलांडून दुसरीकडे नेलं. तिथं दोन वर्षांपूर्वी त्यांनीच निवडून निवडून झाडं काढली होती. उजेड जमिनीपर्यंत पोचला होता. कंबरेइतकं गवत, करवंदाच्या जाळ्या, मोहाची पोरं, हिरड्याची पोरं. भोये खाली बसले, गवतातून काळ्या लेंड्यांची मूठ उचलली आणि प्रसाद दाखवावा तशी माझ्या नाकापुढं धरली. "भेकराच्या. सकाळच्याच. सात वर्सं हितं भेकर नव्हता." त्यांचा चेहरा असा फुलला होता की घरी पाळणा हलला असावा. मी नाकाला रुमाल लावला.

दुपारी त्यांच्या घरी नागलीची भाकरी आणि पापड खाल्ले. जंगलखात्यातल्या माणसाचं घर, म्हणून मला वाटलं सागाचे खांब असतील. कुडाच्या भिंती होत्या आणि छपरातून उन्हाचे चार-पाच कवडसे ताटात पडत होते. त्यांची बायको जनीबाई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "ह्या माणसाला कोसावरच्या झाडाचा भोक दिसतो, बाई. घराच्या छपराचा नाय दिसत."

"त्यात कोण राहतं?" भोये म्हणाले.

"मी राहते!"

भोये इतके हसले की त्यांना ठसका लागला. जनीबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं आपटला. मीही हसले. त्या जागी मी हसले असा तो एवढाच प्रसंग.

तर झाडाचा भोक. तिथंच सगळं घडलं.

विरळणीचा नियम असा की आधी वाकडी, रोगट, वाळलेली आणि पोकळ झाडं काढायची, सरळसोट निरोगी राखायची. लाकडाच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पोकळ झाडाला बाजारात कोण विचारतो? भोये उलटं करायचे. खेटून उभ्या सरळ सागातले काढायचे आणि पोकळ झाडांना हात लावायचे नाहीत. त्या वर्षीच्या कुपात अशी चौदा झाडं त्यांनी सोडली होती. लपवूनछपवून नव्हे. रजिस्टरमध्ये प्रत्येकाचा नंबर लिहिला होता, आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं 'पोकळ' किंवा 'वाकडे' लिहायचं, तिथं त्यांनी शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: 'घुबड, तीन'. 'उदमांजर, पिल्लं हायत'. 'पोपट'. 'घोरपड'. आणि ओढ्याकाठच्या ऐनाच्या जुन्या झाडापुढं: 'धनेश, जोडी. नऊ वर्सं'.

मी ते शेरे ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवले. हजेरी घेतात तशी. "घुबड? हजर! उदमांजर? बाळंतपणाच्या रजेवर!" सगळे टेबलावर हात आपटून हसले. हेडक्लार्क म्हणाले, "साळवेबाई, तुम्ही नाटकात जायला हव्या होत्या." मी खूश झाले. मग बसून टिपणी लिहिली. 'सदर शेरे नियमबाह्य असून, उर्वरित चौदा दोषयुक्त वृक्ष मार्चअखेरपूर्वी काढून टाकण्याबाबत संबंधित वनरक्षकास आदेश व्हावेत.' साहेबांनी एक अक्षर न बदलता सही केली. 'उर्वरित' हा शब्द वापरल्याबद्दल मला आतून फार बरं वाटलं होतं.

आधी मी या माणसाला झाडं तोडतोस म्हणून सुनावलं होतं आणि आता तोडत नाहीस म्हणून. दोन्ही वेळा मला आपण जंगलाच्या बाजूनं आहोत याची खात्री होती.

आदेशाची अंमलबजावणी करायला लावणारं पत्र माझ्या टेबलावर होतं. ते निघायच्या आदल्या दिवशी भोये एसटीनं नाशकात आले. धुतलेला, घडी पडलेला युनिफॉर्म, हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. साहेबांकडे गेलेच नाहीत. सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाई, कागद थोडा थांबवा."

"कशाला?"

"दोन महिने. पावसाच्या आधी मी स्वतः सगळ्यांवर हॅमर मारतो. माझा शब्द. आता त्या ऐनात धनेशाची मादी बसली हाय. ती आत शिरती नि भोक आतून लिंपून घेती. चोचीपुरती फट ठेवती. नर बाहेरून उंबर आणून भरवतो. आत तिची पिसं झडत्यात, बाई. तिला उडता येत नाय. आता झाड पाडला त ती कुठं जाईल?"

हे सांगताना ते आवाज इतका खाली आणून बोलत होते, जसं काही पलीकडच्या खोलीत कोणी निजलेलं आहे.

आता आमच्या ऑफिसबद्दल सांगते. तिथं कागद थांबवणं हे काही पाप नव्हतं. हेडक्लार्कच्या कपाटात अशा फायली होत्या की ज्यांचे अर्जदार वारले होते. कागद दोन महिने पडून राहणं म्हणजे आमच्याकडे तातडीचं काम. भोयेंना बढती नको होती, बदली नको होती. त्यांना आमच्या ऑफिसची रोजची दिरंगाई हवी होती, तीही दोनच महिने. पण अख्ख्या ऑफिसात एकच टेबल असं होतं जिथं संध्याकाळी एकही कागद उरत नसे. त्यांचं नशीब, की कागद त्याच टेबलावर होता.

"मार्चअखेर कूप बंद करायचं आहे. पक्ष्यांसाठी सरकार थांबत नाही," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी ते पुडकं टेबलावर ठेवलं. "नागलीचे पापड. जनीनं दिलेत तुमच्यासाठी. त्या दिवशी तुम्हाला आवडले होते."

मी ताडकन उठले. "हे काय? लाच देतोस मला? सरकारी कर्मचाऱ्याला?" सगळं ऑफिस ऐकेल एवढ्या आवाजात. टाइपरायटर थांबले. माझा बाप आयुष्यात कोणापुढं वाकला नाही, वगैरे काहीतरी मी बोलत होते, आणि माझ्या पुढ्यात माझ्या बापासारखाच राबणारा माणूस मान खाली घालून उभा होता. त्यांनी पुडकं उचललं. कागद फाटला होता, दोन पापड जमिनीवर पडून मोडले. त्यांनी खाली बसून तुकडे वेचले, एकही मागं ठेवला नाही, आणि गेले.

कागद त्याच संध्याकाळी निघाला.

आठवड्याभरात तोड झाली. काम पूर्ण झाल्याची खात्री करायला साहेब गेले, रजिस्टर घेऊन मी गेले. या वेळी चपला घालून. तेवढी अक्कल आली होती. ओढ्याकाठचा ऐन त्याच सकाळी आडवा पडला होता. खोड ढोलीपाशीच फाटलं होतं आणि वाळलेल्या मातीचं लिंपण पाचोळ्यावर विखुरलं होतं. दोन अंडी फुटलेली. भोये बनियनवर उभे होते.

"युनिफॉर्म कुठाय?" साहेब ओरडले. "तपासणी आहे माहीत नाही? शर्ट काढून काय उभा राहतोस?"

"उकडलं, साहेब."

शर्ट करवंदाच्या जाळीखाली गुंडाळून ठेवलेला होता, आणि तो हलत होता. साहेबांना दिसलं नाही. मला दिसलं. त्यातून चोच बाहेर आली आणि परत आत गेली. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांची यादी केली तर बहुतेक हेच सगळ्यात वर येईल, की मी त्यांच्या शर्टाबद्दल साहेबांना सांगितलं नाही. एवढीच माझी चांगली कामं.

आम्ही उभे होतो तेवढ्यात नर आला. चोचीत लाल उंबर. ढोली ज्या उंचीवर होती तिथं, मोकळ्या हवेत, तो येऊन फडफडला, वळला, पलीकडच्या सागावर बसला, पुन्हा आला. चार वेळा. साहेब म्हणाले, "छान पक्षी आहे." मग घड्याळ बघून जीपकडे निघाले.

भोयेंनी रजिस्टर गुडघ्यावर घेतलं. ऐनाच्या नंबरापुढची जुनी ओळ खोडली.

"शेरा काय लिहू, बाई?"

मी सांगितलं, "दोषयुक्त. काढला."

ते एकेक अक्षर उच्चारत लिहीत गेले. 'ष' त्यांना जमला नाही. मी पेन घेतलं आणि तो दुरुस्त केला.

पावसाळा संपल्यावर पुन्हा त्या भागात गेलो तेव्हा पाणी प्यायला त्यांच्या घरी थांबलो. भोये नव्हते. जनीबाईनं तांब्या दिला, बसा म्हणाली नाही. मीच विचारलं, त्या पक्ष्याचं काय झालं. ती चुलीकडे तोंड करून बोलली. "भाताच्या रिकाम्या कणगीत ठेवली होती. पाच दिवस. हा माणूस उंबर चावून चावून तिच्या चोचीत घालायचा. माझ्या पाच पोरांपैकी एकाला कधी घास भरवला नाय ह्यानं." चुलीत लाकूड सारून म्हणाली, "सहाव्या दिवशी पुरली. शर्टातच. सरकारी शर्ट हाय, म्हटलं, भरून द्यावा लागंल. त म्हणाला, भरीन."

रजिस्टरमधल्या त्या नियमबाह्य शेऱ्यांबद्दल भोयेंना मेमो मिळाला. मसुदा माझाच. त्यांना जंगलातून काढून रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर बसवलं. दांडा वर, दांडा खाली. पुढची सगळी नोकरी त्यांनी तिथं काढली. जंगल त्यांच्यासमोरून रोज आडवं होऊन ट्रकमधून जायचं आणि ते त्याची पावती तपासायचे. मला त्या वर्षी गोपनीय अहवालात 'अत्यंत तत्पर' असा शेरा मिळाला आणि लवकर बढती. मी रीतसर निवृत्त झाले, नारळ घेतला, शाल घेतली. दोन्ही माझ्या अंगाला चांगले शोभले असं सगळे म्हणाले.

परवाच्या मे महिन्यात माझी नात सुजाता म्हणाली, "आजी, पेठकडे येतेस का? आमच्या कंपनीचा एक दिवस निसर्गासाठी आहे." ती अंबडला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. जंगलात पोकळ झाडं उरली नाहीत, पक्ष्यांना अंडी घालायला जागा नाही, म्हणून कंपनी लाकडी पेट्या बसवणार होती. बत्तीस पेट्या, प्रत्येकीवर कंपनीचं नाव, पुढं गोल भोक. मला हसू आलं. ते हसू कसलं, हे नातीला काय सांगू? मी टोपी घालून बसमध्ये बसले.

ओढा ओळखू आला. बाकी काही नाही. दोन्ही काठांना सरळ, निरोगी, एकसारखा साग.

वाटाड्या म्हणून गावातला एक म्हातारा रोजावर घेतला होता. शिडी त्याच्या खांद्यावर. जवळ आला तेव्हा ओळखलं. ऐंशीला टेकले असतील भोये. डोळे पाणावलेले, पाय मात्र तसेच, काटक. पोरं शिडीवर चढून खिळे ठोकत होती, फोटो काढत होती, आणि ते खालून एकेक पेटी वर देत होते. एक पेटी त्यांनी हातात फिरवून बघितली, भोकात तीन बोटं घातली.

"पोरी, ह्यात धनेश कसा शिरल?"

सुजाता म्हणाली, "आजोबा, ह्या छोट्या पक्ष्यांसाठी आहेत. धनेश इथं आता नाहीत ना, सर्व्हेत आलेच नाहीत."

"हां," भोये म्हणाले, आणि पेटी वर दिली.

बत्तीस पेट्या दीड तासात लागल्या. सगळे पुलाव खायला बसकडे गेले. भोये गेले नाहीत. शिडी उचलून पुन्हा पहिल्या झाडाकडे निघाले. मी मागोमाग गेले. पोरांनी पेट्यांची तोंडं पश्चिमेला केली होती, रस्त्यावरून नावं दिसावीत म्हणून. पेठचा पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. पहिल्याच झडीत आत पाणी भरलं असतं. भोये शिडी लावून, खिळे उपटून, पेटी पूर्वेला फिरवून परत ठोकणार होते. शिडी पाचोळ्यावर सरकत होती. मी जाऊन ती दोन्ही हातांनी धरली.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या भेगाळलेल्या टाचा. वरून लाकडाचा भुगा आणि सालीचे तुकडे माझ्या केसांत पडत होते. चाळीसहून जास्त वर्षं जे वाक्य मी घरात, बाथरूममध्ये, गच्चीवर पाठ करत होते, ते सुरू केलं.

"भोयेदादा, मी ती, ऑफिसातली..."

"ओळखलंय मी," वरून आवाज आला. तोंडात खिळे होते. "शिडी धरा."

मी धरली. सहा पेट्या फिरवल्या आम्ही.  सातव्या झाडाला शिडी लावली तेव्हा बसचा हॉर्न वाजला आणि सुजाता पळत आली. "आजी! सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

"जा तुम्ही," भोये म्हणाले.

मी म्हणाले, "अजून सव्वीस राहिल्यात."

"राहू द्या. मी हाय हितं."

मी गेले. बस वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं, ते शिडीवर अर्ध्यात चढून थांबले होते, एका हातानं झाडाला धरून दुसऱ्या हातानं खाली शिडीचा पाय सरकतो का ते चाचपत.